राजकन्येचं लग्न आणि रेशनची कूपनं



मागच्या बैठकीची गोष्ट सांगतो आणि मग तुम्हाला थोडं लांब घेऊन जातो. हप्ते गोळा करणं चाललं होतं, वही उघडी होती, तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर एका बड्या घरच्या लग्नाचा व्हिडिओ सुरू झाला. मग काय! सगळ्या जणी त्या एवढ्याशा पडद्याभोवती गोळा झालो. काय तो मांडव, काय ते शालू, गळ्यात काय ते हार. पाव तास वही तशीच पडून राहिली. शेवटी आमच्यातली सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाली, "छानच आहे गं. पण एवढा पैसा लागला कुठून, आणि दिला कुणी?"

आम्ही हसलो. एक जण म्हणाली, "मावशे, लग्नात असं विचारतात का?" पण त्याच बैठकीत आमच्यातल्याच एकीचा अर्ज होता. लेकीच्या लग्नासाठी कर्ज पाहिजे होतं, आणि तिच्याकडून जेवढं फिटेल त्याच्या दुप्पट तिनं मागितलं होतं. ती हसली नाही. खाली मान घालून बसली.

मावशीचा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्याचा सोहळा बघताना आनंद करायचा की हिशेब विचारायचा? दोन्ही एकदम करता येतं का? तेव्हा आम्हाला इतिहासातलं एक लग्न आठवलं. लग्न विलायतेतलं, पण त्याचे धागेदोरे दिल्लीपर्यंत आले होते आणि आपल्या मराठवाड्यापर्यंतही. आज त्याचीच गोष्ट.

साल १९४७. आपल्यासाठी ते स्वातंत्र्याचं साल. त्याच वर्षी जुलै महिन्यात लंडनमध्ये दोन गोष्टी घडल्या. पार्लमेंटात भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला आणि राजवाड्यातून राजकन्या एलिझाबेथची सोयरीक जाहीर झाली. नवरी एकवीस वर्षांची, राजा सहावा जॉर्ज याची थोरली लेक. नवरदेव फिलिप सव्वीस वर्षांचा, आरमारातला अधिकारी, ग्रीसच्या राजघराण्यात जन्मलेला. लग्नाची तारीख ठरली २० नोव्हेंबर.

आता आपल्याला वाटेल, एवढं मोठं राज्य, त्यांना कसली कमतरता? पण तेव्हाचं इंग्लंड आपण समजतो तसं नव्हतं. सहा वर्षांचं महायुद्ध दोन वर्षांपूर्वी संपलं होतं. ते जिंकले होते, पण तिजोरी रिकामी झाली होती, देश कर्जात बुडाला होता. बॉम्बनं पडलेली घरं अजून उभी राहिली नव्हती. १९४७ च्या सुरुवातीला हिवाळा एवढा कडक पडला की कोळसा पुरेना, वीज बंद ठेवावी लागली. लोक घरातसुद्धा कोट घालून बसायचे.

आणि रेशन. मांस, लोणी, साखर, चहा, सगळं माणशी मोजून. ब्रेडवर युद्ध चालू असताना रेशन नव्हतं. ते लागलं युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ मध्ये. राजकन्येच्या लग्नाच्या सुमारास तर बटाटासुद्धा मोजून मिळायला लागला, माणशी आठवड्याला ३ पौंड, म्हणजे दीड किलोलाही कमी. ज्यांचं पोट ब्रेड आणि बटाट्यावर चालतं त्यांच्यासाठी हे म्हणजे आपल्याकडे ज्वारी आणि डाळ दोन्ही मोजून मिळावी तसंच.

कपड्यालाही रेशन होतं. नुसता पैसा असून चालायचं नाही, पैशाबरोबर कूपनं द्यावी लागायची. १९४१ साली हे सुरू झालं तेव्हा माणशी वर्षाला ६६ कूपनं होती. बाईच्या एका लोकरी झग्याला ११ कूपनं जायची, पायमोज्यांच्या एका जोडीला २. पुढे ही कूपनंही कमी होत गेली. मग बाया काय करायच्या? आईचा झगा उसवून लेकीला शिवायचा. पडद्याचं कापड अंगावर यायचं. लग्न ठरलं की नवरीचा झगा मैत्रिणीकडून उसना आणायचा, तोच झगा चार-चार जणींच्या लग्नात वापरायचा. काही जणींनी तर पॅराशूटच्या रेशमाचे झगे शिवले. आपल्याला हे नवं नाही. एकीचा शालू पाच जणींच्या लग्नात नेसलेला आपण बघितला आहे.

या सगळ्या टंचाईत रांगेत उभं कोण राहायचं? बाया. एका दुकानासमोर तासभर, मग दुसऱ्या. १९४५ साली तिथल्या गृहिणींनी आपली एक संघटनाच काढली, ब्रिटिश हाउसवाइव्ज लीग. या रांगा आणि हे रेशन किती दिवस चालणार, असा त्यांचा सरकारला सवाल होता.

अशा दिवसांत राजवाड्यात लग्न निघालं.

नवरीचा झगा नॉर्मन हार्टनेल नावाच्या नामांकित शिंप्यानं रचला. हस्तिदंती रंगाचं रेशीम, त्यावर दहा हजार बारीक मोती, मागे जमिनीवर लोळणारा चार मीटरचा पदर. मोती अमेरिकेतून आणले. आणि रेशमाच्या किड्यांवरून वाद झाला! किडे कुठले? शत्रूच्या मुलखातले तर नाहीत? जपान आणि इटलीशी नुकतं युद्ध झालं होतं, त्यांच्याकडचं रेशीम नवरीच्या अंगावर चालणार नव्हतं. शेवटी किडे चीनचे आहेत असा खुलासा करावा लागला. बघा, झगा राजकन्येचा, पण त्याच्या धाग्याची चौकशी लोकांनी केली.

त्या झग्यासाठी कूपनं राजकन्येलाही लागली. नियम सगळ्यांना एक. आता इथे एक गंमत झाली. देशभरातल्या बायांनी आपापली कूपनं पाकिटात घालून राजवाड्यात पाठवायला सुरुवात केली. स्वतःला पायमोजे नाहीत, लेकराचा कोट फाटलेला, आणि या बाया राजकन्येला कूपनं पाठवत होत्या. कुणी म्हणेल, वेड्या होत्या. आम्हाला तसं वाटत नाही. आपल्याकडे गावात कुणाचंही लग्न निघालं की आपण घरातलं पायलीभर धान्य काढून देतोच की. आहेर करायला श्रीमंत असावं लागत नाही. सहा वर्षं अंधारात काढलेल्या, कुणाचा मुलगा तर कुणाचा नवरा गमावलेल्या त्या बाया. एक तरी दिवस रंगाचा, गाण्याचा यावा असं त्यांना वाटलं असणार.

पण ती कूपनं राजवाड्यानं परत पाठवली. कारण एकाचं कूपन दुसऱ्याला देणं हा कायद्यानं गुन्हा होता. आपल्याला ही गोष्ट फार मोलाची वाटते. राजकन्येची हौस आणि लोकांची माया दोन्ही एका बाजूला, आणि साधा रेशनचा नियम दुसऱ्या बाजूला. त्या दिवशी नियम वरचढ ठरला. अर्थात सगळं समान होतं असं नाही. सरकारनं राजकन्येला जादा कूपनं मंजूर केली. साध्या घरची नवरी उसना झगाच शोधत राहिली. हे लोकांना दिसत होतं आणि ते बोलतही होते.

तेव्हा तिथं मजूर पक्षाचं सरकार होतं, क्लेमंट ॲटली पंतप्रधान होते. त्यांच्याच पक्षातल्या काही सभासदांनी विचारलं की लोक बटाटे मोजून खात असताना हा थाट कशाला? लग्नानंतर डिसेंबरमध्ये या जोडप्याला सरकारी तिजोरीतून वर्षाला किती रक्कम द्यायची यावर पार्लमेंटात चर्चा झाली. ती कमी करा असं म्हणणारेही होते. मास ऑब्झर्वेशन नावाची एक संस्था १९३७ पासून साध्या माणसांच्या रोजनिश्या आणि मतं गोळा करायची, त्यात गृहिणीही लिहायच्या. तिनं या लग्नाबद्दलही लोकांना विचारलं. कुणी खूष होतं, कुणी वैतागलेलं, आणि कितीतरी जण दोन्ही होते. खर्चाबद्दल कुरकुर करणारीच बाई सकाळी रेडिओसमोर बसली असेल तर नवल नाही.

लग्नघर म्हटलं की गोंधळ आलाच. त्या दिवशी सकाळी नवरीच्या डोक्यावरचा हिऱ्यांचा मुकुट मोडला, जवाहिऱ्याकडून घाईनं जोडून आणावा लागला. गळ्यात घालायचे मोती भेटवस्तूंच्या प्रदर्शनात राहून गेले होते, ते आणायला माणूस धावला. फुलांचा गुच्छ सापडेना, तो कुणीतरी सुकू नये म्हणून गार कपाटात ठेवला होता. राजवाडा असो की आपलं पत्र्याचं घर, ऐन वेळी किल्ली हरवतेच!

वेस्टमिन्स्टर ॲबे या जुन्या चर्चमध्ये दोन हजार पाहुण्यांसमोर लग्न लागलं. रस्त्यावर मात्र लाखोंची गर्दी. कितीतरी जण आदल्या रात्रीपासून थंडीत पदपथावर घोंगड्या पांघरून बसले होते. युद्धात खाकी कपड्यात फिरणारे घोडेस्वार पहिल्यांदाच पुन्हा लाल-निळ्या गणवेशात दिसले. आणि जे घरी होते त्यांनी ते लग्न कानांनी पाहिलं. बीबीसीनं सगळा सोहळा रेडिओवर ऐकवला. जगभरात वीस कोटी लोकांनी तो ऐकला असं सांगतात. घंटांचा आवाज, टापांचा आवाज, नवरीनं हळू आवाजात घेतलेली शपथ. आम्ही रेडिओवर बोलणाऱ्या बाया, त्यामुळे हे आम्हाला चटकन कळतं. जे डोळ्यांना दिसत नाही ते माणूस मनात आपल्या मापानं उभं करतं.

दुपारच्या जेवणात तितर पक्ष्याचं मांस होतं, कारण शिकारीच्या मांसाला रेशन नव्हतं. केक नऊ फूट उंच, पण त्याचं सामान परदेशातून भेट आलेलं, साखर ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड मुलींनी पाठवलेली. ऑस्ट्रेलियातूनच अननसाच्या डब्यांच्या पाचशे पेट्या आल्या. न्यूयॉर्कच्या एका बाईनं तर टर्की कोंबडा पाठवला, का, तर इंग्लंडात खायला काही नाही असं तिनं ऐकलं होतं. परदेशातून आलेलं पुष्कळसं खाणं पुढे गरजू लोकांना वाटून टाकण्यात आलं.

भेटी अडीच हजारांहून जास्त आल्या. त्या प्रदर्शनात मांडल्या होत्या. त्यातल्या दोन भेटी आपल्या देशातून गेलेल्या. आमची आजची खरी गोष्ट त्या दोन भेटींची आहे.

पहिली भेट महात्मा गांधींची. नवरदेवाचे मामा म्हणजे लॉर्ड माउंटबॅटन. स्वतंत्र भारताचे ते तेव्हा गव्हर्नर जनरल होते. भाच्याच्या लग्नाला मामा पाहिजेच! काश्मीरमध्ये लढाई पेटलेली, दिल्लीत निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या, तरी ते थोड्या दिवसांसाठी लंडनला गेले आणि त्यांच्या जागी इथं चक्रवर्ती राजगोपालाचारींनी काम पाहिलं. गांधीजींकडे देण्यासारखं काय होतं? त्यांनी स्वतः कातलेल्या सुतापासून विणलेला एक पांढरा रुमाल पाठवला. क्रोशाचं काम असतं तसा जाळीदार, आणि मधोमध अक्षरं विणलेली, जय हिंद.

प्रदर्शनात तो रुमाल बघून नवरीची आजी, राणी मेरी, नाराज झाली असं सांगतात. तिला वाटलं हा गांधींचा पंचाच आहे. ही आजी कोण? १९११ साली दिल्ली दरबारात सम्राज्ञी म्हणून बसलेली बाई. ती आणि तिचा नवरा मुंबईच्या बंदरावर उतरले, त्याची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभं आहे. छत्तीस वर्षांपूर्वी जिच्यासमोर हिंदुस्थानचे राजे वाकले, तिच्यासमोर आता त्याच देशाचं हातानं कातलेलं सूत होतं आणि त्यावर जय हिंद लिहिलेलं होतं. नातीनं मात्र तो रुमाल जपून ठेवला.

दुसरी भेट हैदराबादच्या निजामाची. मीर उस्मान अली खान तेव्हा जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत गणला जायचा. त्यानं लंडनच्या कार्टिए या जवाहिऱ्याला निरोप दिला की राजकन्येला पाहिजे ते निवडू द्या. तिनं हिऱ्यांचा मुकुट आणि हिऱ्यांचा हार निवडला. तो हार तिनं पुढे राणी झाल्यावर कितीतरी वर्षं घातला.

बायांनो, त्या नोव्हेंबर महिन्यात आपल्या आज्या-पणज्या कुठे होत्या? आपलं औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे सगळे जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पंधरा ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, आपण नाही. मुक्तिसंग्राम चालू होता. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. रझाकारांची दहशत होती, कितीतरी कुटुंबं रातोरात बैलगाड्या जुंपून सीमेपलीकडे सोलापूर, बार्शीकडे निघून गेली. आपल्या घरांत अजून सांगतात, चुलीवरची भाकरी तव्यावरच सोडून आम्ही निघालो. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं १७ सप्टेंबर १९४८ ला.

आणि आपल्या शेतांचा सारा कुठं जात होता? त्याच राज्याच्या तिजोरीत. त्या हारातला कोणता हिरा कुणाच्या साऱ्यातून आला हे कुणी दाखवू शकणार नाही. पण राज्य कुणाच्या कष्टावर श्रीमंत झालं, हे सांगायला पुस्तक लागत नाही. लंडनची बाई निदान आपल्या पार्लमेंटच्या सभासदाला विचारू शकत होती की हा खर्च का. आपल्या पणजीला निजामाला विचारायची सोयच नव्हती. ती प्रजा होती. प्रजेनं सोहळा बघायचा असतो, हिशेब विचारायचा नसतो. तो हार तर तिनं बघितलाही नाही.

आम्हाला नागरिक आणि प्रजा यातला फरक इथं कळतो. फरक आनंदात नाही. सोहळा बघून दोघींनाही आनंद होतो, आणि व्हावाच. फरक त्या पुढच्या प्रश्नात आहे. पैसा कुणाचा? नियम सगळ्यांना सारखा का? नागरिक हे विचारू शकते, आणि विचारलं म्हणून तिला कुणी मांडवाबाहेर काढत नाही.

लग्नानंतर दुसऱ्या दिवशी नवरीचा तो फुलांचा गुच्छ ॲबेमधल्या अनाम सैनिकाच्या समाधीवर ठेवला गेला. पहिल्या महायुद्धात मेलेला, नावही माहीत नसलेला एक शिपाई तिथं पुरला आहे. रस्त्यावर उभ्या असलेल्या कितीतरी बायांना त्या फुलांकडे बघून आपला माणूस आठवला असेल. सोहळा राजवाड्याचा, पण त्यातला एवढा भाग त्यांचा होता.

पुढे काय झालं? कपड्यांचं रेशन १९४९ च्या मार्चमध्ये उठलं. १९५३ साली याच राजकन्येचा राणी म्हणून राज्याभिषेक झाला. त्या वेळी सरकारनं सगळ्यांना सणाची म्हणून माणशी एक पौंड जादा साखर दिली. राज्याभिषेकाची आठवण म्हणून लोकांच्या घरात काय आलं, तर अर्धा किलोला थोडी कमी साखर! पण त्या साखरेचे केक करून बायांनी गल्लीगल्लीत टेबलं मांडली, पोरांना जेवू घातलं. शेजारी ज्याच्याकडे टीव्ही असेल त्याच्या घरी जाऊन दोन कोटी लोकांनी सोहळा पाहिला. शेवटचं रेशन उठलं जुलै १९५४ मध्ये, युद्ध संपल्यावर नऊ वर्षांनी.

आता परत आपल्या बैठकीकडे. मावशीला आम्ही ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे माझा प्रश्न चुकीचा नव्हता." नव्हताच. मग ती वही आम्ही पुन्हा उघडली आणि ज्या बहिणीचा अर्ज होता तिच्याजवळ बसलो. मांडव किती, जेवण किती, कापड किती, एकेक ओळ तिच्याच तोंडून लिहून घेतली. कुणी तिला उपदेश केला नाही. भांडी आम्ही गटाची देऊ असं ठरलं. एकीनं आपला शालू देऊ केला. अर्ज निम्म्यावर आला, आणि तो तिनं स्वतःच आणला. तिनं मान वर केली तेव्हा ती हसत होती. लग्न पुढच्या महिन्यात आहे. आम्ही सगळ्या जाणार आहोत, आणि गाणीही म्हणणार आहोत.

तुमच्या गटाच्या बैठकीत एक करा. घरातल्या सगळ्यात जुन्या बाईला विचारा की तुझ्या लग्नात काय नेसली होतीस, ते कापड कुठून आलं होतं आणि त्याचे पैसे कुणी दिले होते. ती जे सांगेल ते लिहून ठेवा. लंडनच्या बायांनी रोजनिश्या लिहिल्या म्हणून त्यांचा इतिहास आपल्याला वाचायला मिळाला. आपल्या पणजीचा कुणी लिहिला नाही. निदान आजीचा तरी आपण लिहू. लिहिलेलं आमच्याकडे पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.

तोवर नमस्कार.